बनशंकरी ते होसकोटे, तेलासकट

बेंगळुरूहून परत आल्यापासून ओळखीच्या बायका विचारतायत, काय काय पाहिलं? मी खरं ते सांगते. दोन गाड्यांची बॉनेटं, एक तळं, आणि माझा सख्खा भाऊ भर रस्त्यात तोंडघशी पडताना. बाग नाही, राजवाडा नाही, साडीच्या दुकानाची पायरीसुद्धा चढले नाही. तरी हा प्रवास मी माझ्या चांगल्या प्रवासांत धरते. ज्यांना तिकडे जायचंय त्यांनी वाचावं, आणि ज्यांच्या दारात गाडी आणि घरात लग्नाची मुलगी आहे त्यांनी तर वाचावंच.

मी साताऱ्यात बायकांना मोटार चालवायला शिकवते. नवरे शिकवायला बसले की दुसऱ्या गिअरपर्यंत घटस्फोटाची भाषा सुरू होते, म्हणून माझा धंदा बरा चालतो. एका दुपारी एका बाईंना पोवई नाक्यावरून गाडी मागे घ्यायला शिकवत असताना बेंगळुरूहून वहिनीचा फोन आला.

"मंजू, तू ये. गार्गीचं लग्न मोडतंय."

"कशावरून? मानपान?"

"नाही गं. इंजिन ऑइलवरून."

माझ्या विद्यार्थिनीनं तेवढ्यात गाडी एका उसाच्या गुऱ्हाळाला टेकवली, त्यामुळे पुढचं मी संध्याकाळी ऐकलं.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, बेंगळुरूला सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता. नोकरीला लागला तेव्हा गेला तो तिकडचाच झाला. बनशंकरीला घर बांधलं, तिथंच रिटायर झाला. गार्गी त्याची एकुलती एक. तिनं आपल्या ऑफिसातला राघू पसंत केला. राघू मराठीच, पण तिकडचा मराठी. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी कर्नाटकात उतरलं ते चामराजपेटेत रुतून बसलं. वडील गणपतराव पतंगे, पेठभर सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांचं ऑइल आणि स्पेअर पार्टचं दुकान आहे, आणि दुकानामागे दोन गाड्या मावतील एवढं गॅरेज.

मुलगा चांगला, माणसं चांगली, पत्रिका कुणी पाहत नाही. सगळं जमलं होतं. मग दादा-वहिनी त्यांच्याकडे रीतसर जेवायला गेले. अण्णांच्या घरची एक पद्धत आहे. पाहुणा आत जेवायला बसला की बाहेर त्याच्या गाडीचं तेल बघायचं. काळं दिसलं तर बदलून टाकायचं. विचारायचं नाही, सांगायचं नाही, पैसे घ्यायचे नाहीत. आपण पाहुण्याच्या पोराच्या हातावर खाऊ ठेवतो, तसं. दादा हात धुऊन बाहेर आला तर बॉनेट उघडं, आणि तेल मोजायची पट्टी अण्णांच्या हातात. अण्णांनी दोन बोटांत तेल चोळलं, वास घेतला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "बीगरे, हे तेल नव्हे. काजळ!"

बीगरु म्हणजे कानडीत व्याही. दादाला तो शब्दही आवडला नाही आणि काजळ तर मुळीच नाही. त्यानं तेल बदलू न देताच गाडी काढली. त्या दिवसापासून लग्नाचा विषय निघाला की तो एवढंच म्हणायचा, "बघू." मराठी बापाचं "बघू" म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको.

बनशंकरी

मी माझी गाडी घेऊनच गेले. महामार्गाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. धारवाडला पेढे घेतले, दावणगेऱ्याला लोण्याचा डोसा खाल्ला, आणि तुमकूरनंतर पुढच्या ट्रकच्या पाठीवरचं सगळं साहित्य वाचून काढलं. बनशंकरीत दादाच्या दारात उतरले तर बहिणीला काय विचारावं त्यानं?

"किती किलोमीटर झाले?"

"बरी आहे मी," म्हटलं.

दादा कंपनीच्या पुस्तकावर जगतो. गाडीचं पुस्तक, मिक्सरचं पुस्तक, गिझरचं पुस्तक, सगळी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून कपाटात लावलेली. गाडीचं तेल दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी होईल ते. बाइकचं त्याहून पुष्कळ लवकर, तीनेक हजारांना, कारण बाइकचं एकच तेल बिचारं इंजिनही सांभाळतं, गिअरही आणि क्लचही. हे सगळं बरोबरच आहे. मीही माझ्या बायकांना हेच शिकवते. साताऱ्यात मात्र कुणी ऐकत नाही. आमच्याकडे तेल बदलायची वेळ म्हणजे इंजिनमधून आवाज यायला लागल्यापासून पुढे कधीही.

"सहा हजार झालेत," दादा म्हणाला. "चार बाकी आहेत. वर्षही पुरं व्हायचंय. आणि हा माणूस गल्लीत उभा राहून मला काजळ म्हणतो."

"तुला नाही, तेलाला."

"विचारल्याशिवाय दुसऱ्याचं बॉनेट उघडणं ही काय पद्धत आहे? मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून वास घेतो का?"

 आमच्याकडेही एक आत्या असे डबे उघडायची आणि तिला कुणी दुसऱ्यांदा बोलावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार्गी मला जवळच्या दर्शिनीत घेऊन गेली. दर्शिनी म्हणजे उभ्यानं खायचं हॉटेल. बसायला जागा नसते आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही. तिथं चौ चौ बात नावाचा प्रकार मिळतो: एका ताटलीत अर्धा शिरा, अर्धा उपमा. पुण्यात असं वाढलं तर वेटरला घरी पाठवतील. मी दोनदा घेतला.

"आत्या, आय ॲम नॉट जोकिंग," गार्गी कॉफी फुंकत म्हणाली. "बाबा नाही म्हणाला असता तर मी भांडले असते. पण तो नाही म्हणतच नाही. नुसतं बघू. आणि मला त्याला बायपास करून लग्न नाही करायचं. त्यानं स्वतःच्या तोंडानं हो म्हटलं तर करणार. नाहीतर नाहीच."

"आणि राघू?"

"तो वेट करतो म्हणतो. किती दिवस करेल?" तिनं पेला ठेवला आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं. मुलगी रडकी नाही, बापावर गेलीय. म्हणून मला जास्तच लागलं.

चामराजपेट

त्याच दिवशी मी एकटीच अण्णांकडे गेले. बनशंकरीहून चामराजपेट तसं लांब नाही, नकाशावर तर हाताच्या बोटाएवढं. पण माझी गाडी बहुतेक वेळ उभीच होती. पहिला गिअर, न्यूट्रल, पहिला गिअर, न्यूट्रल. माझी विद्यार्थिनी असती तर मी म्हटलं असतं, शाबास, क्लचचा सराव झाला. मीटर ढिम्म हलत नव्हतं आणि इंजिन आपलं धापा टाकतंय. त्या सिग्नलवर उभी असताना मला पहिल्यांदा वाटलं की अण्णांच्या बोलण्यात काहीतरी आहे.

चामराजपेट म्हणजे आपल्या जुन्या पेठांची थोरली चुलत बहीण. खाली दुकान, वर घर, मधल्या जिन्यात चपला. बस, रिक्षा, हातगाड्या आणि लग्नपत्रिका छापणारे सगळे एकाच गल्लीत. अण्णा दुकानाच्या पायरीवर उभे होते. पोट सुटलेलं, कपाळावर कुंकवाचा उभा टिळा, आवाज मार्केटपर्यंत जाणारा.

"या की अक्का! ऊटा झालं काय? नसंल तर आधी ते."

तिकडे कुठल्याही बाईला अक्का म्हणतात. ऊटा म्हणजे जेवण, आणि झालं असलं तरी पुन्हा करावंच लागतं. त्यांच्या पत्नी राघूच्या लहानपणीच गेल्या. घर अण्णा आणि राघूच चालवतात, आणि झकास चालवतात. चिरोट्या, आंबट-गोड गोज्जू, भात, पुन्हा चिरोटी. मी "नको" म्हटलं की अण्णा म्हणायचे "स्वल्प", म्हणजे थोडंसं, आणि पळी उलटी करायचे. आग्रहाच्या बाबतीत कोल्हापूरकरांनी या माणसाची शिकवणी लावावी.

जेवणानंतर घटकाभर आडवी होऊन खाली आले तर माझ्या गाडीचं बॉनेट उघडं.

"अण्णा!"

"स्वल्प बघितलं हो. बदललं. तुमचं तर काजळही नव्हतं, डांबर होतं." माणूस लाजल्यासारखाही वाटेना. "साताऱ्याहून इथवर कसं आलं ते देव जाणे."

राग यायला हवा होता. आलाही. पण गाडी सुरू केली तर इंजिन इतकं शहाण्यासारखं चालायला लागलं की मी राग पुढे ढकलला.

मी पायरीवरच बसले आणि म्हटलं, अण्णा, तुमचं तत्त्व काय ते सांगा. त्यांचं तत्त्व सोपं होतं. वर्षात दोनदा तेल: एक उगादीला, म्हणजे आपला गुढीपाडवा, आणि एक आयुधपूजेला, म्हणजे आपली खंडेनवमी. गाडी दहा किलोमीटर चाललेली असो नाहीतर दहा हजार.

"आयुधपूजेला गाडीला हार घालणार, भोपळा फोडणार, आणि आत तेल जुनं? देवाला फसवायचं काय?"

"पण मग चांगलं तेलही फेकून देता की."

"आणि तुमचे दादा किलोमीटर मोजतात! बेंगळुरात किलोमीटर कुठं होतात हो? गाडी जाग्यावर, इंजिन चालूच. मीटर झोपतं, तेल जळतं. इथं पुस्तकातला आकडा निम्मा करायचा. हे मी नाही म्हणत, पुस्तकच म्हणतं, मागच्या पानावर, बारीक अक्षरात. दादांनी ते पान उघडलं नसंल."

ते पान खरोखर असतं. खडतर वापर असेल तर मुदत निम्मी करा असं त्यावर छापलेलं असतं, आणि आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या शहरातला वापर खडतरच. थोडक्यात, दोघेही बरोबर होते. दोन बरोबर माणसांमध्ये समेट घडवण्यापेक्षा दोन बैलांची झुंज सोडवणं सोपं.

राघू तेवढ्यात ऑफिसातून आला. उंच, शांत, बापाच्या आवाजाखाली वाढलेल्या मुलासारखा हळू बोलणारा. तो म्हणाला, "आत्या, अण्णा वाईट मनानं नाही करत. पण दादांना सॉरी म्हणा म्हटलं तर कशाबद्दल म्हणतात."

"कशाबद्दल?" अण्णा म्हणाले.

शेवटी मी एक तोड काढली. अण्णांची थोरली बहीण होसकोटेला राहते. आईमागे राघूला तिनंच वाढवलं. ती मोठी अक्का. तिच्यासमोर दोन्ही घरांनी बसायचं आणि तिनं मुलीच्या बापाला रीतसर विचारायचं, ही त्यांची पद्धत. रविवारी सगळे तिकडे जाऊ. मात्र अण्णांनी दादाच्या गाडीच्या पट्टीला हात लावायचा नाही. अण्णांनी कपाळावरच्या टिळ्याला हात लावून शपथ घेतली. "पट्टीला हात लावणार नाही. सरी?"

सरी म्हणजे ठीक. मी सरी म्हटलं आणि विजयी मुद्रेनं बनशंकरीला परतले. शपथ जरा नीट शब्दांत घ्यायला हवी होती हे मला रविवारी कळलं.

होसकोटेच्या रस्त्यावर

रविवारी सकाळी आम्ही दादाच्या गाडीतून आधी चामराजपेटेला गेलो. वहिनीनं कसाबसा तयार केलेला दादा इस्त्रीच्या शर्टात, तोंड शिवलेलं. वहिनीच्या मांडीवर मोठ्या अक्कांना द्यायची नवी कोरी स्टीलची किटली. अण्णांनी अर्थातच नाश्त्याला वर नेलं. दादा अर्धी इडली खाऊन घड्याळ बघत बसला. मी त्याच्या वाट्याच्या चिरोट्यांकडे लक्ष दिलं. मधे अण्णा एकदा खाली जाऊन आले, मग राघू जाऊन आला. मला वाटलं, दुकान बघायला.

मग निघालो. गाडी दादा चालवतोय, शेजारी अण्णा, मागे वहिनी आणि मी. गार्गी आणि राघू बाइकवरून मागे. सरळ पूर्वेला जायचं. शहर संपता संपत नाही. एक उड्डाणपूल, मग त्याचं पिल्लू, मग त्या दोघांखालून जाणारी मेट्रो. कृष्णराजपुरमचा झुलता पूल ओलांडल्यावर जरा आभाळ दिसलं. एका हॉटेलसमोर भल्या सकाळी बिर्याणीसाठी रांग लागलेली. होसकोटेकडची बिर्याणी उजाडताना खातात म्हणे. वहिनीनं नाकाला पदर लावला. मी काच स्वल्प खाली केली.

दादाची नजर रस्त्यावर, अण्णांचा कान बॉनेटकडे. शेवटी अण्णांनाच राहवेना. "गाडी जड चाललीय, बीगरे."

"चार माणसं आहेत," दादा म्हणाला.

"माणसांनी नव्हे. इंजिन कण्हतंय."

"तुम्हाला सगळ्यांचीच इंजिनं कण्हताना ऐकू येतात."

तेवढ्यात राघूची बाइक हॉर्न वाजवत बाजूला आली आणि गार्गी जिवाच्या आकांतानं मागे हात करायला लागली. मी वळून पाहिलं तर मागचा रस्ता नाहीसा झालेला. नुसता निळा-पांढरा धूर. त्या धुरातून एक टेम्पोवाला आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बाहेर आला.

एका पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर गाडी थांबवली. करपट वास सुटलेला. पंक्चरवाल्यानं आमच्याकडे बघितलं, "इंजिन होयतु," म्हणजे गेलं, असा निकाल दिला आणि पुन्हा मोबाइल बघायला लागला. मी सगळ्यांना लांब उभं केलं. अण्णांना जरा जास्तच लांब. इंजिन निवेपर्यंत सगळ्यांना शहाळी पाजली, मग पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून काढली. पट्टीवर दोन खुणा असतात, तेल त्यांच्या मधे हवं. इथं वरची खूण कुठं आहे तेच दिसेना. तेल बोटभर वर चढलेलं, आणि त्याला ताकासारखा फेस.

जास्त तेलानं इंजिन मरतं हे पुष्कळांना माहीत नसतं. कमी पडलं तर घासतं आणि जास्त झालं तर आतला दांडा ते घुसळत बसतो, फेस होतो, आणि उरलेलं जाऊन जळतं. आमच्या गाडीत ते यथासांग जळत होतं.

"किती ओतलंय हे!" मी म्हटलं.

दादा सावकाश अण्णांकडे वळला.

"पट्टीला हात लावला नाही!" अण्णा ओरडले. "देवाशपथ! पट्टी न बघताच ओतलं."

"म्हणजे ओतलंत!"

"स्वल्प. व्याह्याची गाडी दारातून कोरडी कशी पाठवायची? लेकीसुनांची ओटी भरतो की नाही आपण?"

"गाडीची ओटी?" दादाचा आवाज फाटला. "मंजू, ऐकलंस? हा माणूस न बघता इंजिनात तेल ओततो आणि त्याला मी माझी मुलगी—"

"दादा," राघू मधे पडला. त्याचा चेहरा पांढरा झाला होता. "अण्णांची चूक नाही. मी पण ओतलं. अण्णा शपथेमुळे हात लावणार नाहीत, मग तसंच राहील असं वाटलं. तुमची गाडी नीट चालावी म्हणून…"

 दादा गाडीचा दरवाजा उघडून आतली आपली पिशवी काढायला लागला. मागे जायला रिक्षा बघतो म्हणाला. गार्गी हेल्मेट हातात धरून उभी होती. तिनं ना राघूकडे बघितलं ना बापाकडे. ती किती घाबरली आहे ते मला दिसत होतं. मी माझा समेट, माझी शपथ आणि त्या चिरोट्या, सगळ्यांना मनात शिव्या घातल्या.

मग वहिनी म्हणाली, "अहो, थांबा. मीही ओतलंय."

"तू?" दादाची पिशवी हातातच राहिली.

"अर्धा लिटरच. डब्यात उरलं होतं. उघडा डबा घरात ठेवायचा, सांडायचा, वाया जायचं. म्हटलं गाडीतच जाऊ दे. कुठं ओतायचं ते मंजूनंच शिकवलं होतं मागं."

माझं नाव यायची गरज नव्हती. पण अण्णांचे कान टवकारले होते.

"कुठला डबा, वहिनी?"

"नव्या तेलाचा. यांनी परवा बदललं ना गाडीचं."

सगळे दादाकडे वळले. दादा पिशवीच्या बंदाकडे बघत होता. चार हजार किलोमीटर बाकी असताना, वर्ष पुरं झालेलं नसताना, पुस्तकात कुठंही लिहिलेलं नसताना माझ्या भावानं चोरून तेल बदललं होतं. मी तिकडे अण्णांकडे चिरोट्या रिचवून समेट करून आले आणि हा इकडे बनशंकरीत घराखालच्या पार्किंगमध्ये एकटाच हार मानून मोकळा झाला होता. कुणाला कळू न देता.

आता अण्णांनी विजयाची आरोळी ठोकायची, एवढंच बाकी होतं. मी डोळे मिटून घेतले.

"निघालं ते कसं होतं?" अण्णांनी विचारलं. इतक्या हळू की मला आधी कळलंच नाही की तेच बोलतायत.

दादानं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. मग म्हणाला, "काजळ."

पहिली हसली ती वहिनी. मग राघू, मग आम्ही सगळे, आणि पंक्चरवाला मोबाइल ठेवून आमच्याकडे बघायला लागला. गार्गी हसता हसता रडायला लागली, तेव्हा दादानं पिशवी खाली ठेवली.

पुढचं काम सोपं होतं. पंक्चरवाल्याच्या रॅम्पवर गाडी चढवून खालचा नट सैल करायचा आणि जास्तीचं तेल काढून घ्यायचं. अण्णांच्या पिशवीत नट सोडवायचे पाने होतेच. मला वाटतं ते देवळातही पाने घेऊन जातात. तेल धरायला भांडं मात्र नव्हतं. सगळ्यांनी वहिनीच्या किटलीकडे बघितलं. वहिनीनं ती छातीशी धरली, मग एक सुस्कारा टाकून पुढे केली. अण्णा नव्या रेशमी शर्टानिशी गाडीखाली शिरले. जरा वेळानं दादानं इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि तोही शिरला. आम्हाला फक्त चार पाय दिसत होते.

"स्वल्प अजून," गाडीखालून एक आवाज आला.

"बास. पुस्तकाप्रमाणे बास," दुसरा म्हणाला.

"सरी, सरी."

मोठ्या अक्का

होसकोटेत कारखान्यांची वस्ती ओलांडून आत गेलं की एक भलं मोठं तळं लागतं. मोठ्या अक्कांचं घर त्याच्या काठाला. पाणी कमी होतं, बगळे पुष्कळ. दोन्ही व्याही काळ्या हातांनी, काळ्या शर्टांनी उतरले, आणि मागून वहिनी तेलानं भरलेली किटली घेऊन.

मोठ्या अक्का दारात उभ्या होत्या. ऐंशीच्या पुढची बाई, चणीनं माझ्या खांद्याला येईल एवढी. तिनं किटलीत वाकून बघितलं.

"इतक्या लांबून हे आणलंत?" ती अण्णांकडे बोट करत म्हणाली. "गणप्पाचं दुकान कमी पडलं काय?"

जेवणं झाली. काय काय होतं ते लिहीत नाही, नाहीतर हे पाककृतीचं पुस्तक होईल. फक्त तिकडे कढीला मजिगे हुळी म्हणतात आणि त्यात कोहळा घालतात, तो साताऱ्यात कुणी घालून बघावा. मग चटया घातल्या. मुलीच्या घरचे एकीकडे, मुलाकडचे एकीकडे, मधे अक्का. गार्गीला रिवाजाप्रमाणे आत बसवलं होतं, पण ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती आणि तिची सावली बाहेर पडली होती.

अक्कांनी विचारलं, "मुलगी द्यायची काय आमच्या घरी?"

दादानं घसा खाकरला. मला वाटलं, झालं, आता बघू म्हणतो. वहिनीनं माझा हात धरला.

"एक विचारायचं होतं," दादा म्हणाला. "लग्नानंतर मुलीच्या घरी बापानं किती दिवसांनी गेलेलं चालतं?"

कुणालाच काही समजेना.

"म्हणजे आमच्याकडे पूर्वी बाप लेकीच्या घरचं पाणीही पीत नसे. आता तसं राहिलं नाही, ते ठीक. पण मग काय आहे? महिन्यातून एकदा? सणाला? बोलावलं तरच? मी पुष्कळांना विचारलं, कुणी नक्की सांगत नाही. कुठं लिहिलेलंही नाही. आम्ही दोघंच उरणार घरात. मुलीला आणि तुम्हा लोकांना त्रास होऊ नये, म्हणून विचारतो."

तो हे अगदी गंभीरपणे विचारत होता. महिनाभर त्याच्या पोटात हेच होतं, आणि मी आपली त्याला तेलाच्या मुदती समजावत बसले होते.  अण्णा मान खाली घालून नखांतलं तेल काढायला लागले.

मोठ्या अक्का चटईवर दादाकडे सरकल्या. मग म्हणाल्या, "बनशंकरीहून आमच्या चामराजपेटेला बस आहे की नाही?"

"आहे. थेट."

"किती वेळानं असते?"

"दर दहा मिनिटांनी."

"मग झालं की."

दादा विचारात पडला. जन्मभराची सवय अशी सुटत नाही. "रात्री उशिरा मिळत नाही," तो म्हणाला.

"मग राहायचं."

दादानं वहिनीकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं. अण्णांनी नुसती मान हलवली, स्वल्प.

"हो," दादा म्हणाला.

दाराआडून गार्गी बाहेर आली, आणि बापाच्या त्या काळ्या शर्टाला जाऊन बिलगली.